खांबांमागची मधुमती

"मला येक सांग वरदा, चुकल्याचं बी मार्क देत्यात व्हय रं कुठं? पाटलाच्या आंब्याला दगूड मारला, आंबा ऱ्हायला बाजूला आन् कुंपनाला लागला. तर राखनदार काय म्हनंल? 'ये बाबा, नेम चुकला तुजा, पर लई जवळनं गेला, ह्यो घे येक आंबा'? पाठीत काठी घालंल का न्हाय?"

मधुमतीसमोर बसलेल्या वरदनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि हसला. वरद मूळचा पुण्याचा. आठवडाभर इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि शनिवारी मेडनहेडच्या पोरींच्या मॅचचे आकडे लॅपटॉपात भरायचा. असल्या माणसाला हरल्याचं दुःख होत नाही, तक्ता भरून झाल्याचं समाधान होतं.

"काकू, दोन वर्षं सांगतोय तुम्हाला. त्याला बिहाइंड म्हणतात. गोलच्या जवळ जाऊन मिस केलं तर एक पॉइंट. म्हणजे, यू नो, एफर्टला मार्क."

"एफर्टला! आपल्या पोरींनी सा बार मदल्या खांबातनं मारला. त्येंनी पाच बार. आन् जिंकलं कोन? धा बार नेम चुकल्यालं! थूत् असल्या खेळावर."

"नऊ वेळा," वरद चष्मा वर सारत म्हणाला. "नऊ वेळा त्यांचा नेम चुकला. दहावा पॉइंट आपणच दिला त्यांना."

मधुमतीनं उगाच ठेच्याची वाटी इकडची तिकडं केली.

"आपण नाही," हरीशराव म्हणाले. "आमच्या अक्षरानं दिला. नाव घेऊनच बोला."

रविवारचे साडेबारा वाजले होते. मेडनहेडच्या त्या स्वैपाकघरात जिंकल्याच्या रविवारी मटण शिजायचं आणि हरल्याच्या रविवारी पिठलं. हा रिवाज मधुमतीनंच पाडलेला. शुक्रवारी आणलेलं मटण काल संध्याकाळी तिनं पुन्हा फ्रीजरात कोंबलं होतं, पाहुण्यांना 'पिठलं हाय' एवढाच निरोप धाडला होता, आणि पाहुणे निमूट आले होते. हरीशराव मात्र पिठल्यासाठी आले नव्हते. ते एजवेअरहून लेकीला न्यायला आले होते. गाडीची डिकी त्यांनी रिकामी करून आणली होती.

अक्षरा त्यांची मुलगी. जन्म इथलाच, वय चोवीस, नोकरी ब्रॅकनेलला. मधुमतीच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची आणि शनिवारी सतरा नंबरची जर्सी घालून 'मेडनहेड हेरन्स'कडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायची. हेरन म्हणजे बगळा, म्हणून मधुमतीच्या तोंडी त्या सगळ्या पोरी बगळ्याच. काल सेमीफायनल होती. बगळ्या एकोणचाळीस, लंडनच्या पोरी चाळीस. एका गुणापाशी घोड्यानं पेंड खाल्ली होती, आणि तेव्हापासून अक्षरा वरच्या खोलीतून खाली उतरली नव्हती. सकाळी दारात ठेवलेला चहा साय धरून तसाच होता.

"मी टीमच्या ग्रुपवरचे मेसेजेस वाचले," हरीशराव म्हणाले. ते सदाशिव पेठेतून पंचवीस वर्षांपूर्वी निघाले, पण पेठ त्यांच्यातून निघाली नव्हती. "सेव्हन्टीन नंबरला नियम माहीत नाहीत. सेव्हन्टीनचं डोकं घरी राहिलं होतं. एकानं तर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बगळ्याचं चित्र टाकलंय. मी आज संध्याकाळी तिला घेऊन जातोय. तिथून ट्रेननं जाईल ऑफिसला. तासभर जास्त लागेल, लागू दे. हे खेळ पुरे झाले."

"ती येतो म्हनली?" मुरलीधरनं विचारलं. मुरलीधर हा मधुमतीचा नवरा. बसचा ड्रायव्हर. दिवसभर प्रवाशांचं ऐकून घरी येणारा, म्हणून घरी कमी बोलणारा.

"फोनवर 'ओके' म्हणाली."

"वक्के," मधुमती म्हणाली, आणि पुन्हा वरदकडं वळली. "आन् मला सांग, त्यो चेंडू अंड्यासारखा. सरळ उसळंल का कदी? असला चेंडू देऊन वर नेम लावा म्हनायचं!"

मुरलीधरनं घास थांबवून बायकोकडं बघितलं. तीस वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. ही बाई माणसाला शिव्या देत असली तर सगळं ठीक असतं. नियमाला शिव्या द्यायला लागली की कुठल्यातरी माणसाचं नाव घ्यायचं टाळत असते.

*

मधुमती माण तालुक्यातली. नऊ वर्षांची असल्यापासून ती ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पाखरं राखायची. गोफण होती, पण गोफणीपेक्षा तिची हाळीच पाखरांना जास्त लागायची. शेजारच्या वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, मधी ओरडली की आमच्या रानातली पाखरंही उठत्यात, तिला अर्धी मजुरी आम्हीच द्यायला हवी. कुणी दिली नाही.

शहाण्णव साली ती विमानात बसून एकटी लंडनला आली. मुरलीधर तेव्हा एका हॉटेलात भांडी घासत होता. तो विमानतळाच्या एका दारात उभा राहिला आणि ही दुसऱ्याच दारात, दुसऱ्याच इमारतीत, पेटीवर चार तास बसून राहिली. आजूबाजूला पोलीस होते, झाडूवाल्या पंजाबी बाया होत्या. हिनं कुणालाही विचारलं नाही. पुढं कुणी त्याबद्दल चिडवलं की ती म्हणायची, "इचारायचं कशाला? चुकलं त्येचं व्हतं. मी बरूबर बसले व्हते."

तिनं सँडविच भरायच्या कारखान्यात पाच वर्षं उभ्यानं काढली. अंड्याच्या वासाची तिथं जी शिसारी बसली ती अजून आहे. मग ब्रॅकनेलच्या ऑफिसांतून पहाटे कचरा काढला. आणि आता अकरा वर्षं ती एका शाळेपुढं पिवळा कोट घालून, गोल पाटीची उंच काठी घेऊन गाड्या थांबवते आणि पोरं पलीकडं सोडते. इथं त्या काठीमुळं असल्या बाईला लॉलिपॉप लेडी म्हणतात. मधुमतीला ते नाव ऐकलं की मळमळतं. पण काम तिला आवडतं. काठी वर केली की मोठाले ट्रक थांबतात, आणि विचारायचं कुणाला नसतं.

अक्षरानं तिला पहिल्यांदा मैदानावर नेलं तेव्हा मधुमतीनं पंधरा मिनिटं बघून सांगितलं, "ह्यो खेळ न्हाय, ह्यी चावडीवरची मारामारी हाय." दुसऱ्या शनिवारी ती स्वतःहून गेली.

खेळ तसा सोपा आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथ मारून चेंडू पाठवला तर सहा गुण. ते चुकून कडेच्या खांबाच्या आतून गेला तर एक. खांबामागं एक माणूस झेंडे घेऊन उभा असतो. सहाला दोन झेंडे हलवतो, एकाला एक. यातली गोम अशी की राखणाऱ्या पोरीनं स्वतःच चेंडू आपल्या रेषेपलीकडं ढकलला तरी समोरच्यांना एकच मिळतो. म्हणजे सहा जायची वेळ आली की एक देऊन मोकळं व्हायचं. लांडगा गोठ्यापर्यंत आला की म्हैस वाचवायला कोकरू पुढं करायचं, तसली अक्कल.

अक्षरा राखणारी. चेंडूच्या मागं आपल्याच खांबांकडं पळत येताना तिला पाठीमागं किती पोरी आहेत ते दिसायचं नाही. खांबांमागं उभ्या मधुमतीला सगळं दिसायचं. तिसऱ्याच मॅचला तिच्या तोंडून माळ्यावरची हाळी निघाली, "एक देऽऽ!" अक्षरानं मूठ मारून चेंडू बाहेर घालवला, सहा वाचले, आणि पोरीनं मागं वळून अंगठा दाखवला. तेव्हापासून ते दोघींचं ठरून गेलं. दर पावटक्याला, म्हणजे खेळाचा चौथा हिस्सा संपून बाजू बदलली की मधुमती थर्मास घेऊन मैदानाला वळसा घालायची नि अक्षराच्या खांबांमागं जाऊन उभी राहायची. बाकीचे पाठीराखे पलीकडं स्कोअरबोर्डाजवळ खुर्च्या टाकून बसायचे; खांबांमागून त्या बोर्डावरचे आकडे दिसायचे नाहीत. त्यांना वाटायचं, आंटी नुसतीच ओरडते. मराठी त्या मैदानावर दोघींनाच कळायची, आणि दोन वर्षांत ती हाळी एकदाही चुकली नव्हती.

काल शेवटच्या सुट्टीत मधुमती थर्मास भरायला पॅव्हेलियनकडं गेली. तिथं लंडनच्या बाजूचा एक टोपीवाला ऑस्ट्रेलियन उभा होता. हातात पावात घातलेला सॉसेज, मोहरीची पिवळी चटणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेली, आणि तो तसाच चाटत बोलत होता. तो हसून म्हणाला, आमच्या पोरी इतकं छान चुकतायत की चुकूनच जिंकतील.

"मिस इज मिस!" मधुमती म्हणाली.

तो म्हणाला, नो लव्ह, मिस इज वन.

हिनं थर्मास टेबलावर आदळला. त्यानंतर मिस म्हणजे काय, लव्ह कुणाला म्हणायचं आणि कोपर कसं पुसायचं यावर तिनं त्याला चार मिनिटं सुनावलं. मधे भोंगा झाला, खेळ सुरू झाला, पण भांडण अर्धं टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती. ती खांबांमागं पोचली तेव्हा तिच्या डोक्यात सुट्टीतलाच आकडा होता. बगळ्या एकोणचाळीस, लंडन सदतीस.

त्या चार मिनिटांत एक झेंडा दोनदा हलला होता.

झेंडेवाला तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याला एक शब्द विचारला असता तर झालं असतं. तिनं थर्मासचं झाकण काढलं आणि चहा ओतला.

शेवटच्या अर्ध्या मिनिटाला लंडनच्या पोरीनं मधूनच लांब लाथ हाणली. चेंडू अक्षराच्या डोक्यावरून आला, टप्पा पडला, आणि अक्षरा खांबांकडं तोंड करून पळाली. मागं दोघीजणी. डावीकडं मोकळं होतं, चेंडू उचलून कडेला पळता आलं असतं. मधुमतीनं मनात धरलं, दोननं पुढं हाय, एक गेला तरी एकनं पुढं.

"एक दे गंऽऽ!"

अक्षरानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. डोळ्याची पापणी लवावी एवढंच. मग मूठ मारली. चेंडू रेषा ओलांडून मधुमतीच्या चपलेशी येऊन थांबला. झेंडेवाल्यानं एक झेंडा हलवला आणि भोंगा झाला.

मधुमती खुशीत हसली. लंडनच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारायला लागल्या. 'येड्या झाल्या का ह्या,' ती मनात म्हणाली, 'हरल्यात आन् नाचत्यात.' मग तिनं बगळ्यांकडं बघितलं. त्या होत्या तिथं खाली बसल्या होत्या.

त्यानंतरचं सगळं तिला ओकारी आणणारं होतं. हरलेले जिंकलेल्यांच्या गळ्यात पडून 'वेल प्लेड, वेल प्लेड' करत होते. चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा आंबूस वास सुटला होता. टोपीवाला लांबून टोपी हलवत होता. आणि पॅव्हेलियनमधल्या प्रत्येक तोंडात एकच, सेव्हन्टीन, सेव्हन्टीन. मधुमती मधोमध उभी होती आणि तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं. येताना वरदच्या गाडीत अक्षरा मागं बसली, ही पुढं. वीस मिनिटांत दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

*

"बेसिकली आपण बेटर टीम होतो," वरद सांगत होता. "शॉट्स ॲक्युरसी बघा ना, चार्टमध्ये..."

"त्यो डबा मिट," मधुमती म्हणाली.

"अहो काकू, पण..."

"मिट म्हनते न्हवं! हरल्यालं मढं किती चिरायचं?"

वरदनं लॅपटॉप मिटला. हरीशरावांनी हात धुतले, घड्याळ बघितलं आणि जिन्याकडं तोंड करून हाक मारली, "अक्षरा, बॅग भरलीस का?"

मधुमतीनं ताट पुढं सारलं.

"हरीशभाऊ, पोरीला नेऊ नगा. त्यो एक तिनं न्हाय दिला. म्या दिला."

"म्हणजे?"

"म्या वराडले मागनं. 'एक दे' म्हनून. तिनं दिला."

हरीशराव मान हलवून मऊ आवाजात म्हणाले, "मधुमतीताई, तुमचा मोठेपणा आहे हा. पण तिला असं पाठीशी घालू नका. चूक तिची आहे, तिला कळू दे."

"मोठेपना गेला चुलीत! आवो, खरं सांगाया लागले तर आरती काय ओवाळताय?"

"तसं नाही ताई..."

"तसंच हाय! मान्सानं श्यान खाल्लं म्हनून सांगितलं, तर तुमी म्हनताय न्हाय न्हाय, ती भाजीच व्हती. वरदा, उगड त्यो डबा. शेवटच्या पावटक्यात सुरवातीला काय झालं ते वाच."

वरदनं लॅपटॉप उघडला. "फोर्थ क्वार्टर. बिहाइंड, एक मिनिट चाळीस. बिहाइंड, तीन मिनिट दहा. एकोणचाळीस ऑल, म्हणजे बरोबरी."

"तवा मी चाच्या टेबलाला व्हते. त्या टोपीवाल्या हेंगाड्यासंगं भांडत."

"म्हणजे काकू, तुमच्या काउंटमध्ये लंडन..."

"सदतीस."

वरदनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आता त्याला हसू आलं नाही. हरीशरावांच्या चेहऱ्यावरची मऊ साय फाटली. वडीलधाऱ्या बाईला बोलायला जे सुचत होतं ते पेठेत बसत नव्हतं.

"शेजारी कुणी नव्हतं का?" शेवटी ते म्हणाले. "एक साधं विचारता आलं नाही तुम्हाला?"

"झेंडेवाला व्हता. न्हाय इचारलं."

"का?"

"न्हाय इचारीत म्या," ती म्हणाली. बोलता बोलताच त्या वाक्याची तिला किळस आली. तीस वर्षं हेच वाक्य ती मिशीला पीळ द्यावा तसं म्हणत आली होती. मुरलीधर खाली मान घालून ताटातला कांदा मोजून खात होता.

"बाबा, मी येणार नाही."

अक्षरा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. कालचीच जर्सी, गुडघ्यावर चिखल वाळून खपली धरलेली. कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक.

"अक्षरा," हरीशराव म्हणाले, "तू आधी का नाही सांगितलंस, की ताईंनी चुकीचं सांगितलं?"

"कारण ती पूर्ण ट्रू नाही आहे." मराठी बोलताना तिचे शब्द एकेक पायरी उतरून यायचे. "मला माहीत होती स्कोअर लेव्हल आहे. कॅप्टननी ओरडून सांगितला होता. मी ऐकला."

"काय?" मधुमती उठून उभी राहिली. "तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"बरूबरीत हाय म्हाईत व्हतं, आन् तरी बाहेर घालीवलास?"

"तू बोलली ना, एक दे. मी वर बघितला. तुझा चेहरा एकदम शुअर होता. मला वाटला, मावशीला काहीतरी दिसतोय, मला दिसत नाही. यू आर नेव्हर राँग."

मधुमती जिन्याकडं दोन पावलं गेली. "आगं भवाने, डोळं आन् कान भाड्यानं दिलं व्हतंस का मला? चेंडू तुज्या म्होरं, गडी तुज्या कानात वरडतोय, आन् तू थर्मास घेऊन हुबारलेल्या म्हातारीचं त्वांड बघतीस?"

"तू मला ओरडू नको!" अक्षरा उरलेल्या पायऱ्या धाडधाड उतरून खाली आली. "मी राँग केला, ओके? तू पण राँग केली. त्याचा मला राग नाही. पण काल सगळे मला बोलत होते, तू तिथे होती. कारमध्ये तू पुढे बसलेली. मी पूर्ण रस्ता वेट करत होती की तू आता बोलणार, आता बोलणार. तू रेडिओ लावला."

वरदला आठवलं, रेडिओ खरंच लावला होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मधुमतीच्या तोंडात उत्तरं नेहमी गोफणीतल्या दगडासारखी तयार असायची. आत्ता तिनं पदरानं ओठ पुसले.

"भ्याले," ती म्हणाली.

मुरलीधरनं मान वर केली. हा शब्द त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. विमानतळावर नाही, कारखान्यात नाही, की ट्रकपुढं काठी घेऊन उभं राहतानाही नाही.

"कुणाला?" अक्षरानं विचारलं.

"त्या समद्यांला. वेल प्लेडवाल्यांला. दोन वर्सं त्येंना अकला शिकीवल्या. म्हनलं, आता ह्येंच्या म्होरं तोंड कसं दावायचं."

अक्षरानं खुर्ची ओढली आणि बसली. गळ्यात पडायची पद्धत त्या घरात नव्हती, आणि तिला तसं वाटतही नसावं.

"नेक्स्ट सीझन मी खेळणार," ती म्हणाली. "आणि तू गोलच्या मागे उभी राहायचा नाही. अजिबात नाही. तिकडे, स्कोअरबोर्डजवळ, खुर्चीवर. बाबा आले तर बाबांच्या बाजूला."

ते खांब म्हणजे मधुमतीचं दोन वर्षांचं राज्य होतं. खुर्चीवर बसून खेळ बघणाऱ्यांना ती 'गोणपाटं' म्हणायची. तिनं हरीशरावांकडं बघितलं. हरीशराव तिच्याकडं बघत होते, आणि दोघांनाही पुढच्या उन्हाळ्यातल्या त्या दोन खुर्च्या दिसल्या असाव्यात, कारण दोघांचीही तोंडं सारखीच वाकडी झाली.

"बरं," मधुमती म्हणाली.

"आणि ग्रुपवर कोण सांगणार?"

"मी टाइप करू का, काकू?" वरद म्हणाला. "पोलाइटली लिहितो. 'देअर वॉज अ मिसकम्युनिकेशन'..."

"तुज्या पोलायटलीला लागली वाळवी. मिस बिस काय न्हाय. माज्या तोंडानं सांगीन मी, भेटंल त्येला."

अक्षरानं पातेल्यावरचं झाकण उचललं. "मटण नाही?"

"हरलूय आपुन."

"बट तू फ्रायडेला आणला होता ना?"

"फ्रीजरात हाय. गिळ ते पिठलं."

तिनं वाढून घेतलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या. हरीशराव रिकामी डिकी घेऊन साडेतीनला एजवेअरला गेले. जाताना दारात म्हणाले, "निदान नियम तरी नीट शिकून घ्या, दोघीही." मधुमतीला त्याचं उत्तर देता आलं असतं, पण तिनं नुसतंच दार लावलं.

*

सोमवारी दुपारी तीनला ती पिवळा कोट चढवून शाळेपुढच्या फुटपाथावर उभी राहिली. ऊन होतं, कोटाच्या आत घाम धरला होता. घंटा व्हायला अजून पाच मिनिटं होती आणि आया जमायला लागल्या होत्या. त्यातलीच एक जिलियन. तिची दोन पोरं या शाळेत, आणि शनिवारी ती बगळ्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बसणारी. पट्टी बांधलेल्या बगळ्याचं चित्र ग्रुपवर टाकलेलं ते हिनंच.

"ओह, मॅडी," ती लांबूनच डोळे फिरवत आली. "सेव्हन्टीन! ऑनेस्टली! तिच्या डोक्यात होतं तरी काय?"

मधुमतीनं काठी खाली टेकली. घसा खाकरला.

"नॉट हर," ती म्हणाली. "मी. आय शाउट. राँग स्कोअर. शी लिसन मी."

जिलियननं छातीवर हात ठेवला. मान कलती करून, आजारी कुत्र्याकडं बघावं तसं तिच्याकडं बघितलं.

"ऑ, ब्लेस यू. तिला वाचवायला बघतेयस. दॅट्स सो स्वीट."

मधुमतीच्या अंगावर शहारा आला. काल हरीशराव, आज ही. खरं बोलायला गेलं की ह्या जगात गोड खाऊ घालतात. असली अजून तीस-चाळीस माणसं त्या ग्रुपवर होती, आणि प्रत्येकाला हे निदान दोनदा सांगावं लागणार होतं.

"नॉट स्वीट," ती जरा जोरात म्हणाली. फुटपाथावरच्या दोन-तीन आया वळून बघायला लागल्या. बघू देत, एकदाच काम झालं. "ट्रू. आय मेक मिस्टेक. आय नो आस्क फ्लॅग मॅन. सेव्हन्टीन गुड गर्ल. यू टेक आउट पिक्चर."

जिलियनच्या तोंडावरचं गोड हळूहळू उतरलं. "राइट," ती म्हणाली. "ओके." आणि तिनं पर्समधून फोन काढला.

आतून घंटा झाली. फाटकातून पोरांचा लोंढा आला, दप्तरं, डबे, हातात कुणाचं अर्धवट चिकटवलेलं पुठ्ठ्याचं घर. सगळी येऊन मधुमतीच्या कोटाशी थांबली आणि मान वर करून तिच्या तोंडाकडं बघायला लागली.

"मला काय बघताय रं?" ती मराठीतच खेकसली. "गाड्या बघा गाड्या!"

पोरांना शब्द कळले नाहीत, पण बोट कळलं. सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं स्वतः उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं बघितलं. विटा भरलेला एक ट्रक वळणावर दिसत होता. ती काठी उचलून रस्त्यात उतरली.